गरोदरपणात आंबट फळं: संत्रं, मोसंबी, लिंबू, पपनस... किती आणि कशाबरोबर?

माजिवडा_मेघा
नमस्कार मंडळी. इथे शोधून बघितलं पण जुन्या धाग्यांत पपई-अननसावरचीच भांडणं सापडली, आंबट फळांवर एकत्र असं काही नाही म्हणून नवा धागा काढतेय. आधी असला तर लिंक द्या, हा बंद करू.

मला पाचवा लागलाय. पहिले तीन महिने उलट्यांनी जीव नको केला होता, आता कुठे तोंडाला चव आलीय आणि आली ती फक्त आंबटाची. संत्रं, मोसंबी, लिंबू, काहीही पुढ्यात ठेवा. घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात थंडी सुरू होतेय, संत्र्याने कफ होतो, आंबटाने अंगावर सूज येते आणि सातव्यानंतर तर लिंबाला हात लावायचा नाही. माझी आई पिशव्या भरभरून संत्री पाठवते कारण तिच्या मते संत्रं खाल्लं की बाळ गोरं होतं. अहो दोघींनाही "बरोबर आहे तुमचं" म्हणतात आणि स्वतः सोलून खात बसतात. डॉक्टरांना विचारलं तर "सगळं खा, बाहेरचं टाळा" एवढ्यात विषय संपला, बाहेर वीस जणी ताटकळत बसलेल्या, त्यांचाही दोष नाही.

तर विचारायचं असं की दिवसाला किती चालतं, लोहाच्या गोळीबरोबर लिंबूपाणी प्यावं असं ऑफिसात एकीने सांगितलं ते खरं का, स्टेशनबाहेरचा मोसंबी ज्यूस कधीमधी चालेल का कारण त्या गाडीवरून जाताना पाय अडखळतात माझे, आणि रात्री छातीत जळजळतं ते ह्यामुळेच का. आणि हो, जाऊबाई सावंतवाडीहून भलीमोठी पपनसं घेऊन आल्यात, ती खाऊ का?

मृण्मयी_एम
अभिनंदन मेघा!! खा गं बिनधास्त. माझ्या दोन्ही वेळेला मी नेरूळ-ठाणे लोकलमध्ये पर्समध्ये संत्र्याची साल घेऊन फिरायचे, डब्यात कुणी मासळीची पाटी घेऊन चढलं की साल नाकाला लावायची. उलटीवर औषध वगैरे म्हणत नाही मी पण तेवढं स्टेशन तरी निघून जायचं. मुलं धडधाकट आहेत आणि दोघंही बापासारखी सावळी, त्यामुळे आईला सांग संत्र्याच्या भरवशावर राहू नको.

टवाळ_तुक्या
आमच्या मातोश्री मी पोटात असताना काटोलला होत्या, घरामागे संत्र्याची बाग. माझा डीपी बघा आणि काय तो निष्कर्ष काढा.

मृण्मयी_एम
तुक्या :हहगलो:

सीवूड्स_आजी
मेघा बाळा, अभिनंदन. तुझ्या सासूबाईंची बाजू घेते जरा, रागावू नकोस. आमच्या वेळेला "आंबट" म्हणजे संत्री नव्हती, संत्री आजारी माणसाला भेटायला जाताना घेऊन जायची वस्तू. पोटुशी बाई आंबट खायची म्हणजे मीठ-तिखट लावलेली कैरी, चिंचेचे गोळे, आवळकाठी आणि बरणीतलं लोणचं नुसतं बोटाने. पसापसाने मीठ पोटात जायचं आणि मग पाय सुजले की खापर आंबटावर. सासूबाईंनी जे पाहिलं ते खोटं नाही पण त्यात लिंबाचा गुन्हा काही नव्हता. आजही तुला मी हेच सांगेन की फळ खा, लोणच्याची फोड मात्र ताटात डाव्या बाजूला असते तेवढीच.

आणि ते सातव्यानंतर लिंबू नको, तो नियम मी तरी बाळंतिणीच्या बाबतीत ऐकलाय. आंबट खाल्लं की टाके पिकतात म्हणायचे. माझ्या सुनेला मी पण वरणावर लिंबू दिलं नव्हतं आठवडाभर, तर तिच्या डॉक्टरीणबाईंनी मलाच समजावलं की जखम भरायला क जीवनसत्त्व लागतं, त्याच्याशिवाय शरीर कोलॅजन, म्हणजे जखम सांधणारं प्रथिन, बनवू शकत नाही. म्हटलं बरं बाई, दे लिंबू.

राघू_ठाणे
सूज जर अचानक आली, म्हणजे चेहरा, हात सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढे काजवे चमकतायत असं काही असेल तर "आंबट खाल्लं असेल" म्हणून घरी बसू नका प्लीज. ती बीपी वाढल्याची लक्षणं असू शकतात, त्याच दिवशी दाखवायचं. बायकोच्या वेळी आम्हाला दवाखान्यात हे पहिल्याच भेटीत बजावलं होतं म्हणून लिहिलं. बाकी चालू द्या.

गोळीवाली
वर्तकनगरला मेडिकल आहे आमचं, मी स्वतः फार्मसिस्ट. डॉक्टर नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर तेच ऐकायचं. पण काउंटरवर रोज हेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा. नको, चहा नको, का ते खाली येईलच.

किती खायचं: आपल्याकडच्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीप्रमाणे गरोदर बाईला दिवसाला ८० मिग्रॅ क जीवनसत्त्व लागतं, एरवी बाईला ६५. एका मध्यम संत्र्यात साधारण ५० ते ७० असतं. म्हणजे एक-दोन संत्री किंवा मोसंबी आणि जेवणात लिंबाची फोड, झालं काम. पेरू तर शंभर ग्रॅमला दोनशेच्या वर जातो, आवळा त्याहून पुढे, त्यामुळे ज्यांना संत्रं सोसत नाही त्यांनी कुढत बसायचं कारण नाही. जास्तीचं क शरीर लघवीवाटे टाकून देतं. फळं खाऊन कुणाला क जास्त झालंय असं होत नाही, पण ती नारंगी चघळायची गोळी येते ना ५०० मिग्रॅची, ती लोक गोळ्या-बिस्किटांसारखी खातात, एक इथे एक तिथे. दिवसाला २००० मिग्रॅ ही वरची हद्द धरलीय, त्याच्या खूप आधी पोट बिघडतं. गरोदर असाल तर ती न विचारता घेऊच नका, फळ आहे ना समोर.

लोह: हो, खरं आहे, पण अर्धवट सांगितलंय तुझ्या मैत्रिणीने. पालेभाजी, कडधान्य, नाचणी, हळीव ह्यातलं लोह शरीराला नीट उचलता येत नाही, क जीवनसत्त्व सोबत असलं की जास्त उचललं जातं. त्यामुळे लिंबाचा खरा फायदा ताटात आहे. मटकीची उसळ, लाल माठ, मेथी, त्यावर वरून लिंबू. वरून म्हणजे गॅस बंद केल्यावर, ताटात वाढून, कारण क उष्णतेने जातं, कढईत पिळून उकळलंत तर नुसता आंबटपणा उरतो. गोळीचं म्हणाल तर सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह असतं (शिवाय ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड), एवढं असल्यावर लिंबू नाही मिळालं म्हणून गोळी फुकट जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घ्या, साध्या पाण्याबरोबर घ्या, पण चहा, कॉफी, दूध ह्यांच्याबरोबर नका घेऊ आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी तर अजिबात नको. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायका दोन्ही एकदमच टाकतात, "विसरायला नको म्हणून". लोह दुपारी जेवणानंतर तासाभराने, कॅल्शियम सकाळ-रात्री जेवणाबरोबर अशी काहीतरी फोड करा.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यानेच. ज्यूसने नाही, लिंबूपाण्याने नाही. तिच्यात आणि लोह-कॅल्शियममध्ये चार तासांचं अंतर.

जळजळ: गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन ह्या हार्मोनमुळे अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते आणि पुढे गर्भाशयही जठराला वर ढकलतं, म्हणून आम्ल वर येतं. संत्रं हे मूळ कारण नाही, पण आधीच चुरचुरतंय त्यावर आंबट गेलं की जास्त झोंबतं. रात्रीचं फळ दुपारी चारला खाऊन बघ मेघा, आणि खाल्ल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. आणखी एक, जी पांढरी-गुलाबी अँटासिडची बाटली असते तिच्यातल्या बऱ्याच प्रकारांत ॲल्युमिनियम असतं, त्याच्यावर लिंबूपाणी किंवा संत्र्याचा रस पिऊ नये, आंबट फळांतल्या सायट्रेटमुळे ॲल्युमिनियम जास्त शोषलं जातं. दोन-तीन तास जाऊ द्या. आणि जळजळलं की फसफसणारी पावडर फोडायची सवय असेल तर त्यात सोडियम भरपूर असतं, बीपीवाल्यांनी विचारल्याशिवाय नको.

पपनसाबद्दल वेगळं लिहिते, तो विषय मोठा आहे आणि दुकानात गिऱ्हाईक आलंय.

माजिवडा_मेघा
बाप रे गोळीवाली ताई, खूप खूप धन्यवाद. लोह-कॅल्शियम एकदम घेणाऱ्या निम्म्या बायकांत मी पण. कॅल्शियम आजपासून रात्री.

पपनसाचं लवकर लिहा, जाऊबाई सोलायला बसल्यात.

कोपरखैरणे_फळवाले
एपीएमसीत फळमार्केटला गाळा आहे आमचा, वडिलांपासून. डॉक्टरकीतलं कळत नाही, मालातलं कळतं तेवढं सांगतो.

आत्ता जी संत्री येतायत ती आंबिया बहाराची, नागपूर-अमरावतीकडून. ही ऑक्टोबरपासून डिसेंबर-जानेवारीपर्यंत. मग फेब्रुवारीपासून मृग बहार, तो जास्त गोड असतो. मधे पंजाब-राजस्थानचा किनू शिरतो, चकचकीत केशरी, साल घट्ट, बिया भरपूर. गाडीवर "संत्रा ज्यूस" म्हणून मिळतो तो हिवाळ्यात बहुतेक किनूचाच. मोसंबी आपल्याकडे जालना-औरंगाबाद साइडची, जालन्याच्या मोसंबीला तर जीआय (भौगोलिक मानांकन) पण आहे, नागपूरच्या संत्र्याला २०१४ ला मिळालं.

मेणाबद्दल सगळे विचारतात. आपल्या नागपुरीवर बऱ्याचदा काही नसतं, साल ढिली, डाग असतात, दिसायला गरीब. पण पॅकिंग हाउसमधून स्टिकर लावून येणारा माल आणि बाहेरून येणारी ती एकसारखी गुळगुळीत संत्री, त्याला मेण लावलेलं असतं, सुकू नये म्हणून. ते खाण्याजोगं मेण असतं पण सालीवर बुरशी लागू नये म्हणून औषधही मारलेलं असू शकतं. तुम्ही साल खात नाही, पण हात आणि सुरी तीच. सोलायच्या आधी नळाखाली हाताने चोळून धुवा, नंतर धुऊन उपयोग नाही. साबण-बिबण लावू नका, सालीत मुरतो. आणि ज्या बायका किसलेली साल केकात घालतात त्यांनी देशी, बिनमेणाचं फळ घ्यावं.

जाड-पातळ सालीवर जाऊ नका, हातात घेऊन वजन बघा. आकाराच्या मानाने जड लागलं तर रस आहे.

प्रश्नचिन्ह
मेण खाण्याजोगं असतं हे कोण ठरवतं? सगळं विषारी आहे आजकाल. मी तर सगळी फळं बंद केली होती बायकोची.

कोपरखैरणे_फळवाले
मग खायला काय घातलंत साहेब?

सिस्टर_ऐरोली
प्रश्नचिन्ह, कृपया असले सल्ले गरोदर बायका वाचतायत तिथे देऊ नका. फळं बंद केल्याने बद्धकोष्ठता वाढते, लोहाच्या गोळीने ती आधीच असते. संत्र्याच्या फोडीवरचा पांढरा पापुद्रा आणि शिरा काढत बसू नका, तोच चोथा आहे.

मी एएनसी ओपीडीत, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणी विभागात, काम करते (कुठे ते सांगत नाही). मेघा, तुझ्या ज्यूसच्या गाडीबद्दल. मोसंबीचा दोष नाही, पाण्याचा आणि बर्फाचा आहे. गाडीजवळ उभी राहून पाच मिनिटं नुसतं बघ. सकाळी सोलून ठेवलेली मोसंबी उघड्या परातीत, वर माशा, ग्लास एकाच बादलीत बुचकळून काढलेले, आणि बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून फुटपाथवर. महाराष्ट्रात २०१८ ला नियम झाला की खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा, पण चुरा करून ज्यूसमध्ये गेल्यावर तुम्ही रंग काय बघणार. टायफॉइड, कावीळ ह्या सगळ्या गोष्टी अशाच पाण्यातून येतात. त्यातली ई प्रकारची कावीळ गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत फार वाईट जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे त्या काळात ती झाली तर दगावण्याचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. घाबरवायचं नाही मला, पण "एकदाच पिते" म्हणणाऱ्या बायकांना हे सांगितलं की त्या घरी ज्यूस काढतात. घरी काढलास तर काढल्या काढल्या पी, फ्रिजमध्ये सकाळचा संध्याकाळी नको.

खरं तर ज्यूसपेक्षा फळच. एका ग्लासला तीन-चार मोसंबी लागतात, चोथा जातो आणि साखर राहते. वरून काही न घालतासुद्धा २०० मिलीच्या ग्लासात तीन-चार चमचे साखरेइतकी साखर असते, गाडीवाला वर पाक घालतो तो वेगळाच. तुझी ग्लुकोज टेस्ट झाली का? ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात ती. १४० किंवा वर आली तर ज्यूस पूर्ण बंद आणि फळ एका वेळी एकच, जेवणावर नाही, मधल्या वेळेत. फळ बंद करायचं नसतं शुगरमध्ये पण.

खारघरची_पाहुणी
त्या ग्लुकोजच्या पाण्याची आठवण नका काढू. पहिला घोट घेतला आणि पोटातून ढवळून आलं, लॅबवाल्या ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या थोडं लिंबू पिळा चालेल, त्यांच्या टेबलाखालच्या डब्यात कापलेली लिंबं तयारच होती. म्हणजे सगळ्यांचंच हे होतं. ज्यांची टेस्ट बाकी आहे त्यांनी आधी विचारून घ्या, उलटी झाली तर परत पहिल्यापासून.

दातांचं कुणी लिहिलं नाही. उलटी झाल्यावर किंवा आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश नाही करायचा, आम्लाने दाताचं वरचं आवरण मऊ झालेलं असतं ते घासलं जातं. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची, ब्रश अर्ध्या तासाने. मला माझ्या डेंटिस्टने सांगितलं कारण मी दिवसभर लिंबाची फोड तोंडात धरून बसायचे मळमळ थांबायला. ते चघळत ठेवणं दातांना सगळ्यात वाईट म्हणे, खायचं तर खाऊन संपवायचं.

सीवूड्स_आजी
सकाळी उठून कोमट पाणी-लिंबू-मध घेतात हल्लीच्या मुली, ते चालतं का गं सिस्टर? माझी भाची घेते, चौथा आहे तिला.

सिस्टर_ऐरोली
चालतं आजी, सोसत असेल तर. मध मोठ्या माणसांना चालतो, वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवायचा नाही, हे मात्र सगळ्या आज्यांनी लक्षात ठेवा. उपाशीपोटी जळजळत असेल तर नाश्त्यानंतर घ्या, आणि वजन कमी करायला म्हणून घेत असाल तर हे ते दिवस नाहीत.

गोळीवाली
आले. पपनस.

बाहेर ग्रेपफ्रूट म्हणून जे फळ मिळतं, मॉलमध्ये आणि ॲपवर आपल्याकडेही यायला लागलंय, आतून लालसर आणि चवीला कडवट, ते मुळात पपनस आणि संत्र्याच्या संकरातून झालेलं फळ. अठराव्या शतकात बार्बाडोसकडे झालं. म्हणजे आपलं पपनस त्याच्या आईबापांपैकी एक. ह्या फळांत फ्युरॅनोकुमॅरिन नावाची द्रव्यं असतात. आपल्या आतड्याच्या अस्तरात एक एन्झाइम असतं, सीवायपी३ए४ म्हणतात, ते बऱ्याच गोळ्यांचा काही भाग रक्तात जायच्या आधीच मोडून टाकतं, आणि गोळीचा डोस हा भाग वजा होणार हे धरूनच ठरवलेला असतो. फ्युरॅनोकुमॅरिन त्या एन्झाइमला निकामी करतात. मग तीच गोळी रक्तात जास्त पोचते, तुम्ही एक घेतलीत पण अंगाला लागली दीड-दोन. हे १९८९ मध्ये कॅनडात अपघातानेच लक्षात आलं. फेलोडिपिन ह्या बीपीच्या गोळीबरोबर दारू घेतली तर काय होतं ह्यावर प्रयोग चालू होता, त्यात दारूची चव झाकायला ग्रेपफ्रूटचा रस वापरला होता आणि गोळीचं रक्तातलं प्रमाण भलतंच वर गेलं.

आता गरोदरपणाशी संबंध काय, तर बीपी वाढलं की आपल्याकडे निफेडिपिन सर्रास देतात, आणि वेळेआधी कळा आल्या तर थांबवायलाही तीच देतात. फेलोडिपिनच्याच जातीची गोळी. तिच्यावर असताना ग्रेपफ्रूट नको, आणि पपनसातही तीच द्रव्यं असल्यामुळे पपनसही नको. बीपी गरजेपेक्षा खाली जाऊ शकतं, चक्कर, धडधड, डोकं दुखणं. आणि गोळी सकाळी, पपनस रात्री अशी पळवाट चालत नाही, कारण एन्झाइम नव्याने तयार व्हायला एक ते तीन दिवस लागतात.

साधं गोड संत्रं आणि मोसंबी ह्यांचा हा त्रास नाही. वरणावर पिळलेल्या लिंबाचाही नाही. लॅबेटालॉल आणि मिथाइलडोपा ह्या बीपीच्या दुसऱ्या गोळ्या, त्यांनाही हे लागू नाही. मेघा, तुला लोह-कॅल्शियमशिवाय काही चालू नसेल तर पपनस खुशाल खा. सोलणाऱ्यांना वाट बघायला लावली, माफी सांग माझ्याकडून.

घणसोली_गार्गी
मी नुसती वाचत होते पण आता लिहावंच लागतंय. मला आठवा चालू आहे, गेल्या महिन्यापासून बीपीची गोळी आहे. पाकीट बघून आले आत्ता, निफेडिपिन रिटार्ड लिहिलंय. आणि गणपतीपासून आमच्याकडे पपनस चालूच आहे, माटवीला (गणपतीवर टांगतात ती फळांची चौकट) बांधलेलं उतरवल्यावर खाल्लं, मग दिवाळीला नवऱ्याच्या गावाहून पोतंभर आलं. परवा दिवशी अर्धं खाल्लं होतं मीठ-साखर लावून. दोन दिवस उठताना गरगरतंय, मला वाटलं हिमोग्लोबिन. आता काय करू? गोळी आज रात्रीची घेऊ की नको?

गोळीवाली
गार्गी, पपनस आत्तापासून बंद. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नकोस, आठव्यात बीपी उसळलं तर ते जास्त धोक्याचं. घरात बीपी मशीन असेल तर आत्ता बसून माप, नसेल तर खालच्या कुठल्याही दवाखान्यात जाऊन मापून घे, आणि आकडा घेऊन तुझ्या डॉक्टरांना फोन कर, "निफेडिपिनवर आहे, परवा पपनस खाल्लंय, गरगरतंय" असं तिन्ही एका दमात सांग. रात्रीच्या डोसचं तेच सांगतील. तोवर झटक्यात उठू नकोस, कुशीवर वळून, बसून, मग उभी राहा. एकटी बाथरूमला जाऊन कडी लावू नकोस. गरगरण्याचं कारण दुसरंही असू शकतं, म्हणूनच फोन.

सिस्टर_ऐरोली
+१. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, पोट आवळून दुखलं, डोकं फार दुखलं तर फोनवर थांबू नकोस, थेट जा. आम्हाला कळव गं.

प्रश्नचिन्ह
म्हणून मी म्हणत होतो फळंच बंद करा.

टवाळ_तुक्या
साहेब, तुम्ही धागाच बंद करा.

मृण्मयी_एम
माझ्या जावेला पण तीच गोळी होती गेल्या वर्षी, तिला प्रिस्क्रिप्शन देताना कुणी चकार शब्द काढला नव्हता पपनसाचा. पाकिटाच्या आतल्या कागदावर ग्रेपफ्रूट लिहिलेलं असतं बहुतेक, पण तो कागद वाचतो कोण, आणि वाचला तरी ग्रेपफ्रूट म्हटल्यावर गणपतीपुढे टांगलेलं फळ कुणाच्या डोळ्यासमोर येणार आहे.

राघू_ठाणे
अगदी. डॉक्टर विचारतात "बाहेरची काही औषधं चालू आहेत का", फळाचं कोण सांगतं त्यात. मी तर म्हणेन नवीन गोळी सुरू झाली की केमिस्टलाच विचारायचं, "ह्याच्यावर काय खायचं नाही?" रांग असली तरी.

घणसोली_गार्गी
मंडळी, बीपी १००/६० आलं. डॉक्टरांनी बोलावून घेतलं रात्रीच, तपासलं, बाळाचे ठोके नीट आहेत. त्या म्हणाल्या पपनसामुळे असू शकतं, तेच आहे असं छातीठोक सांगता येणार नाही, पण बंद म्हणजे बंद. रात्रीचा डोस पुढे ढकलायला सांगितला, सकाळी परत मापलं ११८/७४, मग घेतली. आता रोज दोनदा मापून वहीत लिहायचंय. पुढच्या भेटीला गोळी बदलायची का ते बघणार आहेत. त्यांनी मला विचारलं तुला हे कुणी सांगितलं, मी म्हटलं वर्तकनगरच्या एका ताईंनी, ज्यांचं नाव पण मला माहीत नाही. गोळीवाली ताई, काय बोलू.

उरलेली पपनसं शेजारी वाटली. शेजारच्या काकांना बीपी आहे का ते आधी विचारून.

गोळीवाली
हुश्श. काळजी घे. शेजाऱ्यांना विचारलंस हे फार बरं केलंस. बीपीच्याच नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनाही हे लागू आहे, सिमव्हास्टॅटिन, ॲटोरव्हास्टॅटिन. काकांना म्हणावं पाकीट घेऊन केमिस्टकडे जा.

सीवूड्स_आजी
अगं बाई, मी ॲटोरव्हा घेते रात्री. माझ्याकडे पपनस नाही येत म्हणून वाचले. गार्गी, जप गं बाळा, आणि लोणचं नको सध्या.

माजिवडा_मेघा
वाचून हातपाय गार पडले होते माझे, बरं झालं गार्गी, नीट राहा. मी जाऊबाईंना पूर्ण धागा वाचून दाखवला, सासूबाई पण ऐकत होत्या. सीवूड्स आजींचं मिठाचं म्हणणं त्यांना एकदम पटलं, म्हणाल्या "हेच तर मी सांगत होते", जे त्या मुळीच सांगत नव्हत्या पण असो. आता संत्र्याला परवानगी आहे, दुपारी चारला, त्या स्वतः धुऊन आणून देतात. लोणच्याची बरणी मात्र वरच्या फळीवर गेली. रात्रीची जळजळ खूप कमी आहे दुपारी खायला लागल्यापासून, पूर्ण गेली नाही. ज्यूसची गाडी सोडली, ते निळ्या बर्फाचं वाचल्यावर इच्छाच मेली.

आई अजून गोऱ्या बाळावर ठाम आहे. तिला तुक्याचा डीपी दाखवला, ती म्हणाली "ह्याच्या आईने साल काढली नसेल".

टवाळ_तुक्या
काकूंना साष्टांग नमस्कार.

कोपरखैरणे_फळवाले
मेघाताई, आईंना एवढी संत्री कितीला पडतात? किरकोळीत घेत असतील तर पेटी परवडेल तुम्हाला. माजिवड्याला तीन-चार घरं मिळून घेत असाल तर सांगा, पहाटे यावं लागेल, आठनंतर चांगला माल राहत नाही.

खारघरची_पाहुणी
पेटीत मी पण, खारघरहून कुणी येतंय का शनिवारी?

राघू_ठाणे
मी गाडी काढतो, ठाण्याहून दोन सीट आहेत. किनू नको हां, नागपुरीच.